मी सुटलो की आपण सुटलो?

वाचकांचे प्रश्न : नाटक आणि रंगभूमी

गेल्या अंकात हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकावर एक टिपण लिहिले होते. त्यावर सोलापुरातून चार पत्रे आली आणि नवल असे की चारही पत्रे नायिकेविषयी नसून तिच्या नवऱ्याविषयी आहेत. त्यामुळे या वेळचे सारे सदर त्या एका गृहस्थाला दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

ज्यांनी ते टिपण वाचले नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. टोरवाल्ड हेल्मर हा वकील. त्याची नुकतीच बँकेच्या व्यवस्थापकपदी नेमणूक झाली आहे. पत्नी नोरा, लग्नाला आठ वर्षे, तीन मुले. लग्नानंतर लवकरच तो जिवावरच्या दुखण्याने आजारी पडला आणि उबदार हवेच्या प्रदेशात न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. नोराने त्याला न कळवता क्रोगस्टाड नावाच्या माणसाकडून 1200 स्पेसीडालर, म्हणजे 4800 क्रोनर, कर्ज काढले, जामीनदार म्हणून आपल्या मरणोन्मुख वडिलांची सही स्वतःच केली आणि नवऱ्याला इटलीला नेऊन वाचवले. आता तोच क्रोगस्टाड हेल्मरच्या बँकेत कारकून आहे, त्याची नोकरी जाण्याच्या बेतात आहे आणि नोराच्या खोट्या सहीचा कागद त्याच्या हातात आहे. नोकरी जाताच तो हेल्मरला पत्र लिहून सारे उघड करतो, आणि शेवटी नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून, खालचे दार लावून निघून जाते. नाटक डिसेंबर 1879 मध्ये कोपनहेगन येथे प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला तिथल्या रॉयल थिएटरमध्ये रंगमंचावर आले.

प्रश्न : आमच्या वाचनगटात हे नाटक दोन बैठकांत वाचले. चर्चा मात्र तिसऱ्या बैठकीतही संपली नाही. गटातल्या पुरुषांचे, आणि खरे सांगायचे तर आमच्या ह्यांचेही, म्हणणे असे की हेल्मर बिचारा घाबरला, तोंडाला येईल ते बोलला आणि दहा मिनिटांत शांत होऊन त्याने माफीही केली. आठ वर्षे नीट संसार केलेल्या माणसाची किंमत दहा मिनिटांच्या बोलण्यावरून ठरवायची का? मला उत्तर सुचले नाही, पण मन मानतही नाही. – एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या ह्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्याला उत्तर देण्यासाठी आधी तो अर्धा मान्य करावा लागेल. अंगाशी आल्यावर माणूस जे बोलतो ते सगळेच त्याच्या स्वभावाचे सार असते असे मी मानत नाही. क्रोगस्टाडचे ते पहिले पत्र वाचून बाहेर आलेला हेल्मर बायकोला ढोंगी म्हणतो, खोटारडी म्हणतो, गुन्हेगार म्हणतो, तिच्या मेलेल्या बापाचा उद्धार करतो, मुले यापुढे तुझ्या हाती देणार नाही असे सुनावतो. हे सारे वाईट आहे. परंतु भीतीने गारठलेल्या माणसाचे बोलणे म्हणून त्यातले बरेचसे एखादा उदार प्रेक्षक सोडून देऊ शकेल. इब्सेनने नाटक तिथेच संपवले असते तर आपल्या गटातल्या पुरुषांशी वाद घालणे मलाही जड गेले असते.

पण नाटक तिथे संपत नाही. घंटा वाजते, मोलकरीण दुसरे पत्र घेऊन येते. ते पत्र नोराच्या नावाचे आहे. हेल्मर ते तिच्या हाती लागू देत नाही, स्वतः फोडतो, दिव्यापाशी नेऊन वाचतो. क्रोगस्टाडने कर्जाचा कागद परत पाठवला आहे. आणि हेल्मर आनंदाने ओरडतो : मी सुटलो! नोरा, मी सुटलो! नोरा विचारते, “आणि मी?” तेव्हा त्याच्या लक्षात येते, आणि तो म्हणतो, तूसुद्धा, अर्थातच, आपण दोघेही सुटलो.

या जागेविषयी एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच शहरात एका हौशी संस्थेने या नाटकाची तालीम सुरू केली होती. एका शाळेच्या सभागृहात संध्याकाळी सातनंतर तालीम असे आणि मी सहज म्हणून जाऊन बसत असे. मराठी संहितेत हे वाक्य “सुटलो! नोरा, सुटलो!” असे होते. नट चांगला होता, आवाज खणखणीत होता, पण नोराचा “आणि मी?” हा प्रश्न रोज काहीतरी चुकल्यासारखा, उगाच कुरबूर केल्यासारखा ऐकू येई. दोन-तीन दिवसांनी दिग्दर्शिकेच्या ध्यानात आले की घोळ आपल्या क्रियापदात आहे. मराठीत ‘मी सुटलो’ आणि ‘आपण सुटलो’ या दोन्हींत क्रियापदाचे रूप एकच. सर्वनाम गाळले की ऐकणाऱ्याने त्यात दोघांनाही धरून घ्यावे, आणि आपण मराठी माणसे सर्वनाम सर्रास गाळतो. म्हणजे मराठी भाषेने हेल्मरचा अपराध आपल्या पदराखाली झाकून टाकला होता. तिने पेन्सिलीने संहितेत दोन ठिकाणी ‘मी’ लिहिला. त्या संध्याकाळी नोराचा प्रश्न असा आला की खुर्च्या लावणारा शिपाईसुद्धा हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला.

आता आपल्या ह्यांना विचारावे असा प्रश्न हा आहे : हे वाक्य हेल्मर कोणत्या दडपणाखाली बोलतो? कोणत्याच नाही. दडपण त्याच क्षणी उतरलेले आहे, जीव भांड्यात पडलेला आहे, आणि मोकळ्या झालेल्या मनातून पहिले जे बाहेर येते ते ‘मी’ आहे. दडपणाखाली माणूस उघडा पडतो असे आपण म्हणतो. माझे मत असे की निदान या नाटकात तरी तो खरा उघडा पडतो तो दडपण गेल्यावर. भीती ही त्याची सबब होऊ शकली असती, ती सबबच दुसऱ्या पत्राने काढून घेतली.

त्यानंतरची माफी पाहा. तो कर्जाचा कागद आणि दोन्ही पत्रे फाडून शेगडीत टाकतो, ती जळताना पाहतो, आणि मग म्हणतो की हे तीन दिवस तुझ्यासाठी भयंकर गेले असतील. ही एवढी एकच सहानुभूती, आणि तीही तो पुढच्याच श्वासात गुंडाळून ठेवतो. आता ते सारे विसरून जाऊ, संपले ते. ज्या गोष्टीपायी काही मिनिटांपूर्वी ती मुलांना वाढवायला नालायक ठरली होती, ती गोष्ट कागद जळताच उरत नाही. म्हणजे तिचा अपराध काय होता? सही खोटी होती हा, की ती उघडकीस येणार होती हा? खोटी सही तर कागद जळल्यावरही खोटीच राहते.

नोरा या सुमारास आतल्या खोलीत जाते. नृत्यासाठी घातलेला पोशाख उतरवते आहे. हेल्मर उघड्या दाराशी येरझाऱ्या घालत आपले क्षमेचे भाषण करतो, आणि ते फार सुंदर भाषण आहे : ससाण्याच्या पंजातून सोडवलेल्या पारव्यासारखी मी तुला जपेन, आपण बायकोला मनापासून क्षमा केली आहे या जाणिवेत पुरुषाला अवर्णनीय गोडवा असतो, क्षमा केल्याने ती दुप्पट त्याची होते, बायकोही आणि लेकरूही. ज्या बाईला हे सांगायचे ती समोर नाही, हे त्याला खटकतही नाही. ती बाहेर येते तेव्हा तिच्या अंगावर रोजचे कपडे असतात, आणि तो गोंधळून विचारतो, हे काय, झोपायचे नाही का? पारव्याला ससाण्याच्या तोंडातून कोणी सोडवले, हा प्रश्न आपल्या गटात कोणी विचारला होता का? हेल्मरने तर बोटही हलवलेले नाही.

दहा मिनिटांवरून आठ वर्षांची किंमत करू नये, हे तत्त्व म्हणून मान्य. परंतु इब्सेनने त्या आठ वर्षांचे नमुने आधीच्या दोन अंकांत ठेवलेले आहेत. पहिल्या अंकात खोटे बोलणाऱ्या आयांमुळेच मुले बिघडतात असे तो नोराला ऐकवतो, बोलणे क्रोगस्टाडविषयी असते. दुसऱ्या अंकात ती क्रोगस्टाडच्या नोकरीसाठी रदबदली करते, तेव्हा त्याला काढण्याचे एक कारण तो असे देतो की जुन्या ओळखीच्या जोरावर हा माणूस चार लोकांत मला अरे-तुरे करतो. कारण क्षुद्र आहे असे तिच्या तोंडून निघताच तो चिडून मोलकरणीला हाक मारतो आणि बडतर्फीचे पत्र त्याच क्षणी रवाना करतो. आणि लगेच आश्वासनही देतो : काहीही होवो, वेळ आली तर सारे स्वतःच्या शिरावर घेण्याइतका मी मर्द आहे. नोरा हे वाक्य अक्षरशः खरे मानते, आणि तिच्या मनातला ‘चमत्कार’ तो हाच : नवरा पुढे होईल, सही मीच केली असे जगाला सांगेल. त्याला तसे करावे लागू नये म्हणून ती जीव देण्याची तयारी करते. कहर म्हणजे तिसऱ्या अंकात, पत्र वाचायला जाण्याच्या अगदी आधी, तो तिला जवळ घेऊन म्हणतो की तुझ्यावर एखादे भयंकर संकट यावे आणि मी तुझ्यासाठी प्राण पणाला लावावेत असे मला कितीदा तरी वाटते. संकट शेजारच्या पत्रपेटीतून निघून त्याच्या हातातच आहे.

प्रश्न : मी एका बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली. जामीनदाराची सही ही आमच्या धंद्यात देवाच्या जागी असते. बायकोने खोटी सही केली हे कळल्यावर बँकेचा प्रमुख असलेला नवरा हादरणारच. नाटककाराने त्याला विनाकारण खलनायक केले आहे असे आपल्याला वाटत नाही का? – निवृत्त बँक अधिकारी, रेल्वे लाइन्स

उत्तर : आपल्या शहरात पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेला माणूस दर गल्लीत एक तरी सापडेल, त्यामुळे आपली कळकळ मला समजते. नोराचा गुन्हा हा गुन्हा आहे, आणि तो इतका कच्चा आहे की आपण पहिल्या नजरेतच पकडला असता. वडील वारले 29 सप्टेंबरला आणि कागदावर त्यांची सही आहे 2 ऑक्टोबरची. तारीखसुद्धा दुसऱ्याच हस्ताक्षरात. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही, हे नाटकात तिची मैत्रीण लिंडेबाई पहिल्याच अंकात बोलून दाखवते. तेव्हा सरळ मार्ग तिला उपलब्ध नव्हता. तरीही बँकेच्या दृष्टीने कागद खोटा तो खोटाच.

पण आपण एवढी वर्षे कर्जप्रकरणे पाहिलीत, म्हणून आपल्यालाच विचारतो. संशयास्पद कागद समोर आला की आपण कर्जदाराला काय विचारत होता? पैसे कशासाठी घेतले, कुठे खर्च झाले, हप्ते कुठून भरले, बाकी किती. हेल्मर यांपैकी एकही प्रश्न विचारत नाही. या माणसाने लिहिले ते खरे का, एवढेच तो विचारतो. ती म्हणते, खरे आहे, सगळ्या जगापेक्षा मी तुमच्यावर अधिक प्रेम केले. तो म्हणतो, फालतू सबबी सांगू नकोस. हप्त्यांची हकीकत त्याने विचारली असती तर त्याला कळले असते की घरखर्चातून पैसा-पैसा बाजूला काढून, स्वतःला साधे कपडे घेऊन, आणि आदल्या हिवाळ्यात रात्री खोलीचे दार लावून नकला उतरवण्याचे काम करून त्याच्या बायकोने कर्ज फेडत आणले आहे. इतकी काटकसर करणारा कर्जदार मिळाला तर कोणतीही बँक त्याला पुढच्या खेपेस जामिनाशिवाय कर्ज देईल. हेल्मर तिला उधळी म्हणतो, उधळेपणा बापाकडून आला असेही म्हणतो.

आणि तो हादरतो कशाने, हेही पाहावे. बँकेला लागणाऱ्या बट्ट्याविषयी, ठेवीदारांविषयी, कायद्याविषयी त्याच्या तोंडी शब्द नाही. लोकांना वाटेल की यामागे मीच होतो, मीच तुला फूस लावली, हे त्याचे दुःख. त्यावर त्याने काढलेला तोडगा आपल्यासारख्या सरळ अधिकाऱ्याला मुळीच रुचणार नाही : काय वाटेल ते करून प्रकरण दडपायचे, क्रोगस्टाडला कसेही करून खूश ठेवायचे, आणि घरात बाहेरून सगळे होते तसेच दिसले पाहिजे. ज्या तत्त्वासाठी त्याने क्रोगस्टाडला नोकरीवरून काढले ते तत्त्व त्याच्या स्वतःच्या दारात पाऊल टाकताच विरघळते.

खलनायक म्हणाल तर नाटकाने तो त्याला केलेला नाही. तो व्यसनी नाही, बाहेरख्याली नाही, वकील असताना संशयास्पद खटले घेत नसे, कर्जाचा त्याला तिटकारा आहे. आपल्याकडे अशा जावयासाठी मुलीचे वडील चपला झिजवतात. ज्याला तो नासका माणूस म्हणतो त्या क्रोगस्टाडवरही दडपण कमी नव्हते. नोकरी गेली, मुले पदरात, गेलेली पत आता कुठे परत मिळवत होता. तरीही लिंडेबाईंनी त्याला आधार देताच तो कागद आपणहून परत पाठवतो. एकाच रात्री दोन माणसे कसोटीला लागली आणि सही खोटी करून बदनाम झालेला माणूस अधिक चांगला उतरला, हा इब्सेनचा खोडसाळपणा आहे खरा.

विनाकारण म्हणता, तर कारणही होते. लॉरा कीलर ही लेखिका इब्सेनच्या ओळखीची होती. तिच्या नवऱ्याला क्षयाची बाधा झाली, तिने गुपचूप कर्ज काढून त्याला इटलीला नेले, तो बरा झाला. पुढे कर्ज फेडण्याच्या ओढाताणीत तिने एक खोटी हुंडी केली आणि ते उघडकीस आले. त्या नवऱ्याने तिला क्षमेचे भाषणही ऐकवले नाही. मुले तिच्यापासून काढून घेण्यात आली आणि तिला काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. इब्सेनला हे ठाऊक होते. त्या मानाने हेल्मर त्याने बराच सौम्य रंगवला आहे असे म्हणावे लागेल.

प्रश्न : आमच्या पिढीने नवऱ्याची कसोटी पाहिली ती ‘एकच प्याला’मध्ये. सुधाकरापुढे तुमचा हेल्मर फारच सभ्य वाटतो. मग सिंधू राहते आणि नोरा जाते, हे उलटे नाही का? – एक ज्येष्ठ वाचक, नवी पेठ

उत्तर : तुलना आपण काढलीत हे बरे झाले, कारण दोन्ही नवरे वकील आहेत आणि दोघांनाही कसोटीला लावणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे चार लोकांतली मानहानी. गडकऱ्यांचे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकराची वकिलीची सनद तात्पुरती रद्द होते, तो अपमान त्याला सोसत नाही आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढचे आपल्याला पाठ असणार.

पण दोघांत फरक आहे. सुधाकर आपण काय करतो आहोत हे जाणतो. तो पाय घसरताना स्वतःला पाहतो, स्वतःची निर्भर्त्सना करतो, शेवटी स्वतःच विष घेतो. त्याचा स्वभाव दारूने बिघडवला आणि शुद्धीवर आलेला सुधाकर त्या बिघाडाला बिघाड म्हणतो. हेल्मर तर पूर्ण शुद्धीत आहे. मेजवानीची थोडी शॅम्पेन सोडली तर. त्याच्या वागण्यात काही गैर होते हे त्याला नोराने समोर बसवून सांगेपर्यंत कळत नाही, आणि सांगितल्यावरही तो म्हणतो की प्रेमासाठी कोणी आपली अब्रू पणाला लावत नाही. लाखो बायकांनी लावली आहे, असे नोरा त्याला उत्तर देते. सुधाकराजवळ पश्चात्तापाची जागा आहे म्हणून सिंधूला थांबण्याची जागा आहे. हे सिंधूच्या थांबण्याचे समर्थन नव्हे, माझे तिच्याशी भांडण जुने आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला परवा आपले पत्र वाचतानाच सुचली. दोन्ही बायका नवऱ्यासाठी कायद्यापुढे खोटे बोलल्या आहेत. सुधाकराच्या हातून मार बसून मरणाच्या दारी पडलेली सिंधू पोलिसांना सांगते की मी पडले. नोराने बापाची सही केली. सिंधूच्या खोट्याला आपण शंभर वर्षे डोळे पुसत पातिव्रत्य म्हणत आलो. नोराच्या खोट्याला तिच्या नवऱ्याने गुन्हा म्हटले, आणि ज्याच्यासाठी ते केले तो प्राण त्याच्याच छातीत धडधडत होता. आपल्या पिढीतील मंडळींनी यावर काय म्हणायचे ते मला अवश्य कळवावे. अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ नावाने हेच नाटक मराठी संसारात आणून बसवले होते, तेही मिळाल्यास शेजारी ठेवून वाचावे.

प्रश्न : आम्ही स्पर्धेसाठी या नाटकाचा तिसरा अंक बसवत आहोत. मी हेल्मर करतो. सगळे म्हणतात की मी फार दुष्ट दिसतो, दिग्दर्शक म्हणतो अजून दुष्ट दिस. काय करू? आणि शेवटच्या दाराच्या आवाजासाठी ध्वनिमुद्रण वापरू का? – एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : दिग्दर्शकाचा मान ठेवा, पण हे ऐकू नका. हेल्मर दुष्ट दिसला की प्रेक्षकातला प्रत्येक नवरा सुटतो; तो मनात म्हणतो, मी काही असा नाही. आपण तो असा करावा की पहिली वीस मिनिटे प्रेक्षकांना तो आवडला पाहिजे. यजमान म्हणून रुबाबदार, बायकोचे कौतुक करणारा, थोडासा विनोदी. लिंडेबाईंचे विणकाम पाहून तो त्यांना सांगतो की भरतकाम करत चला, ते करताना बाई शोभून दिसते, विणताना हात कसे आखडून धरावे लागतात, सुया खाली-वर होतात, ते कुरूप दिसते. हे वाक्य अगदी प्रेमाने, सल्ला द्यावा तसे म्हणा. पोटासाठी राबलेल्या बाईला तो काम करताना कसे दिसावे हे शिकवतो आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही. ज्या गावात मागाच्या खटखटाटावर पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या त्या गावातल्या प्रेक्षकाला यातली मेख तुम्ही न दाखवता दिसेल.

मग डॉ. रँकच्या चिठ्ठ्या. पत्रपेटीत सर्वांत वर काळ्या फुलीच्या दोन चिठ्ठ्या आहेत. जिवलग मित्र मरणाला एकट्याने सामोरा जायला निघाला आहे. हेल्मर हळहळतो आणि म्हणतो की त्याचे दुःख आणि एकटेपण आपल्या सुखाला ढगाळ पार्श्वभूमीसारखे होते. इथे खोटे वाटू देऊ नका. त्याला खरेच वाईट वाटले आहे. फक्त त्याचे दुःख दर वेळी वळण घेऊन त्याच्याच घरी येते. पहिल्या पत्रावर ओरडायचे असेल तर ओरडा, पण आवाज शेजारच्यांना जाईल अशी भीती त्यात असू द्या. तो आधी बाहेरचे दार कुलूपबंद करतो हे विसरू नका. ‘मी सुटलो’ याविषयी वर लिहिलेच आहे. तिथे थांबू नका, प्रेक्षकांकडे पाहू नका, सुखाने म्हणा. क्षमेचे भाषण तर प्रेयसीला लिहिलेल्या पत्रासारखे म्हणा.

शेवट मात्र त्याच्यावर दया करून करावा. माझ्यात बदलण्याची ताकद आहे, असे तो म्हणतो आणि मला वाटते त्या क्षणी तो ते मनापासून म्हणतो. तुमच्याकडून बाहुली काढून घेतली तर कदाचित, असे नोराचे उत्तर आहे. 1880 मध्ये जर्मनीतील एका मोठ्या अभिनेत्रीने मुले सोडून जाणारी बाई करायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून इब्सेनने वेगळा शेवट लिहून दिला, ज्यात हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच खचते. स्वतः इब्सेन त्याला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणत असे. तो शेवट कुठे मिळाला तरी घेऊ नका. त्यात हेल्मरला एकटे बसावे लागत नाही, आणि नटाला सर्वांत जास्त काम त्या एकटे बसण्यात आहे : दाराजवळच्या खुर्चीत कोसळणे, तोंड झाकणे, मग उठून रिकाम्या खोलीत पाहणे, आणि नोराचे ‘सर्वांत मोठा चमत्कार’ हे शब्द आठवून क्षणभर आशा वाटणे. त्या आशेवर खालचे दार लागते.

ध्वनिमुद्रण वापरू नका. कर्णा प्रेक्षकांच्या बाजूला असतो आणि आवाज नोरा गेली त्याच्या उलट दिशेने येतो. विंगेत खरी चौकट उभी करा आणि तिला जुन्या वाड्याचे असते तसे जड फळीचे दार लावा. जुन्या लाकडाच्या वखारीत असे दार भाड्याने मिळू शकते, मात्र टेम्पोचे भाडे आधी ठरवून घ्या. प्लायवूडचे दार आपटले की खोक्याचा आवाज येतो आणि मागच्या रांगेत कोणीतरी हसते. दार ओढणारा माणूस नोराखेरीज दुसरा नेमा आणि तुमचे तोंड वर होईपर्यंत थांबायला त्याला सांगा.